रन चालू आहे की मेलाय? पाइपलाइनचं वेबपेज बांधताना आधी हे ठरवा

नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यातली एखादी छोटी प्रयोगशाळा धरा. ऐरोली पूल आणि वाशी पुलाच्या आसपास ठाणे खाडीतून पाण्याचे २४ नमुने येतात, त्यांतल्या जिवाणूंचा डीएनए वाचला जातो आणि पुढचं सगळं नेक्स्टफ्लोच्या (टप्पे ओळीने चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पाइपलाइनवर चालतं: डेटा साफ करणं, प्राइमर (डीएनए वाचण्याआधी जोडलेले छोटे तुकडे) छाटणं, चुका काढून टाकणं, शेवटी संदर्भ-डेटाबेसशी ताडून वर्गीकरण. २४ नमुने, चार टप्पे, म्हणजे एका रनमध्ये ९६ टास्क. टर्मिनल एकाच माणसाच्या लॅपटॉपवर, आणि बाकीचे दर तासाला व्हॉट्सॲपवर विचारणार, ‘झालं का?’

अशा वेळी सल्ला ठरलेला असतो: एखादी देखणी डॅशबोर्ड लायब्ररी घ्या आणि ट्रेस फाइल (नेक्स्टफ्लो लिहितो ती टास्कगणिक नोंद) तिच्यात ओता. असं केलेलं पेज पहिल्या दिवशी छान दिसतं आणि पहिल्या ‘रिझ्यूम’नंतर, म्हणजे अडलेला रन पुढे चालू केल्यावर, खोटं बोलायला लागतं. लायब्ररीचं नंतर बघू.

१. ट्रेस नीट काढा

कॉन्फिगमध्ये ट्रेसचा ‘रॉ’ पर्याय चालू करा. नाहीतर मेमरी ‘१.२ जीबी’, ‘९८० एमबी’ अशा मजकुरात येते, आणि क्रम लावला की ९८० एमबी वर जाऊन बसते. रॉ केलं की वेळ मिलिसेकंदांत आणि मेमरी बाइट्समध्ये मिळते. फील्डच्या यादीत प्रोसेस, टॅग, अटेम्प्ट (कितवा प्रयत्न), नेटिव्ह आयडी (शेड्युलरने दिलेला जॉब क्रमांक) आणि वर्कडिर (टास्क धावला ते फोल्डर) स्वतःहून घाला. प्रत्येक रनला नाव द्या आणि ट्रेस फाइललाही तेच नाव द्या.

२. एक ओळ म्हणजे नक्की काय?

अडतं ते इथे, म्हणून इथे घाई नको.

समजा ‘वर्गीकरण (ऐरोली-०३)’ हा टास्क ८ जीबीत १३७ या एक्झिट कोडने (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) पडला. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, सिग्नल ९ ने, म्हणजे जबरदस्तीने मारलेला. बहुतेक वेळा मेमरी कमी पडलेली असते, आणि वर्गीकरणात अख्खा संदर्भ-डेटाबेस मेमरीत घ्यावा लागतो म्हणून तिथेच हे जास्त होतं. रिट्राय (पडला तर आपोआप पुन्हा धाव) लावलेला होता, १६ जीबीवर पुन्हा सुटला, पुन्हा पडला. बाकीचे ९५ आधीच पूर्ण झालेले. मेमरी वाढवून रिझ्यूम केलं: ९५ टास्क कॅशमधून, म्हणजे आधी साठवलेल्या निकालांतून आले, एक नव्याने धावला आणि संपला.

आता मोजा. पहिल्या ट्रेसमध्ये ९५ अधिक २, म्हणजे ९७ ओळी. दुसऱ्यात ९६. एकूण १९३. प्रत्यक्षात संगणकाने कामं केली फक्त ९८. घोळ होतो तो यामुळे की ‘कॅश्ड’ ओळीत मूळ धावेचीच वेळ आणि मेमरी छापलेली असते. सगळ्या ओळींची बेरीज करून ‘या महिन्यात इतके तास सर्व्हर वापरला’ असा आलेख काढलात, तर तो जवळजवळ दुप्पट येणार. त्या आकड्यावर कोणी नवा सर्व्हर मागवला, तर खापर पेजवर फुटेल.

म्हणून टेबलं दोन करा. एकात प्रत्यक्ष धाव: तिची ओळख वर्कडिरचा पूर्ण पत्ता. ट्रेसमधला हॅश म्हणजे त्या पत्त्याचा आठच अक्षरांचा तुकडा असतो, त्यावर विसंबू नका. दुसऱ्या टेबलात त्या धावेची हजेरी: कोणत्या रनमध्ये, कोणत्या टास्क आयडीने, कोणत्या स्टेटसने. टास्क आयडी प्रत्येक रनला एकपासून सुरू होतो, तेव्हा ओळीची ओळख (‘की’) म्हणून तो एकटा वापरणं ही सरळ चूक आहे. टास्कचं नावही चालत नाही, कारण रिट्रायला नाव तेच राहतं, वर्कडिर बदलतं. वेळ आणि मेमरीची बेरीज पहिल्या टेबलावर, ‘या रनमध्ये काय झालं’ हे दुसऱ्यावर.

एकाच कामाचे रिझ्यूम एकत्र बांधायला सेशन आयडी लागतो. रनचं नाव दर वेळी बदलतं, सेशन तोच राहतो. लपवलेल्या नेक्स्टफ्लो फोल्डरमधल्या हिस्टरी फाइलमध्ये दोन्ही एकाच ओळीत मिळतात.

३. ‘चालू आहे’ असं कधी म्हणायचं

ट्रेसमध्ये ओळ येते ती टास्क संपल्यावर. म्हणजे नुसता ट्रेस वाचून आत्ता काय चालू आहे ते कळत नाही. त्यासाठी वेबलॉग: प्रत्येक टास्क सबमिट झाला, सुरू झाला, संपला की तो तुमच्या वेब-पत्त्यावर जेसन (प्रोग्रामला वाचता येईल असा मजकूर) पाठवतो. नव्या आवृत्त्यांत हे काम प्लगइनकडे गेलंय. पण तुमचा सर्व्हर त्या क्षणी बंद असेल, तर तो निरोप गेलाच समजा. म्हणून वेबलॉग ताज्या बातमीपुरता, आणि रन संपला की ट्रेस वाचून सगळं दुरुस्त करायचं. दोघांत मतभेद झाला तर ट्रेस खरा. स्टेटस फक्त पुढे जाऊ द्या: उशिरा पोचलेल्या ‘सुरू’ने ‘संपला’ पुसता कामा नये.

आता वीज गेली आणि यूपीएसही संपला असं धरा. मुख्य प्रोसेस मेली, शेवटचा निरोप आलाच नाही, हिस्टरी फाइलमध्ये स्टेटसच्या जागी नुसती आडवी रेघ. पेजवर मात्र निळा ठिपका ‘चालू’ म्हणत सोमवारपर्यंत फिरत राहतो.

‘दहा मिनिटं निरोप नाही तर मेला समजा’ हा यावरचा उपाय साफ चुकीचा आहे. एखादा टास्क सहा तास गप्प राहून व्यवस्थित चालू असू शकतो. गप्प बसण्यावरून अंदाज बांधू नका, शेड्युलरला (क्लस्टरवर जॉब वाटणाऱ्या प्रोग्रामला) विचारा. शेड्युलर स्लर्म असेल तर चालू जॉबची अख्खी यादी मिनिटातून एकदा मागवा आणि नेटिव्ह आयडीशी जुळवा. टास्कगणिक वेगळी विचारणा केलीत तर क्लस्टर सांभाळणारे तुमच्या टेबलापाशी येतील. यादीत नाही आणि संपल्याचा निरोपही नाही, अशा टास्कला करड्या रंगात ‘माहीत नाही’ लिहा. हा शब्द पेजवर दिसायला कमीपणा वाटतो, पण तो ठेवाच.

४. पेज

एक टेबल, वर ‘फक्त पडलेले’ असं बटण, दर दहा सेकंदांनी ताजं होणारं. बस. रिट्रायनंतर यशस्वी झालेला टास्क हिरवाच, शेजारी बारीक अक्षरांत ‘दुसरा प्रयत्न’. उलट, चुका ‘इग्नोर’ करायला सांगितलेल्या असतील तर रन यशस्वी म्हणून संपतो आणि तीन नमुने गायब असतात. रनच्या हिरव्या ठिपक्याजवळ ‘२४ पैकी २१’ हे लिहिलेलं पाहिजे.

वेळ मिलिसेकंदांतच साठवा. दिवसवार मोजणी करताना भारतीय वेळेसाठी साडेपाच तास जोडायला विसरलात तर तुमची तारीख पहाटे साडेपाचला बदलते, आणि रात्री एकला संपलेला टास्क आदल्या दिवसात मोजला जातो.

५. लॉग

टास्कवर क्लिक केलं की एरर फाइलच्या शेवटच्या ४० ओळी दाखवा. ब्राउझरकडून फाइलचा पत्ता कधीही घेऊ नका. फक्त टेबलातला क्रमांक घ्या आणि पत्ता स्वतः शोधा, नाहीतर सर्व्हरवरची कुठलीही फाइल कोणीही वाचेल. मजकूर एस्केप करा, म्हणजे ब्राउझर त्याला कोड समजणार नाही. प्रोग्रेस बार छापणारी टूल्स ओळ न बदलता तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहितात, त्यामुळे ‘४० ओळी’ कधीकधी काही एमबींच्या निघतात. कॅरेज रिटर्नवर (ओळीच्या सुरुवातीला परत नेणाऱ्या चिन्हावर) तोडा आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा तुकडाच ठेवा.

डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट पुरतो, तो एका फाइलमध्ये मावतो. मात्र त्याचा वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) वापरणार असाल तर फाइल सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर हवी, एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर) तो चालत नाही. आणि पडलेल्या टास्कचा लॉग त्याच दिवशी डेटाबेसमध्ये कॉपी करून ठेवा, कारण डिस्क भरली की कोणीतरी ‘नेक्स्टफ्लो क्लीन’ चालवतं आणि वर्कडिरबरोबर लॉगही जातात.