वस्तीतल्या बायांचा आरोग्यगट कसा उभा करावा

पहाटे साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर चढणारे आणि सांगलीच्या आमराईत फेऱ्या मारणारे लोक पाहिले, तर या भागात व्यायामाची आवड भरपूर आहे हे कोणालाही पटेल. परंतु त्याच वेळी गावोगावच्या बौद्धवस्तीत, मातंगवस्तीत आणि धनगरवाड्यात बाई पाणी भरत असते, भाकऱ्या थापत असते आणि भांगलणीच्या टोळीत वेळेवर पोहोचायचे म्हणून फडक्यात जेवण बांधत असते. तिच्यासाठी आरोग्याचा कार्यक्रम आखायचा असेल, तर तो तिच्या कामाच्या वेळा आणि तिची चूल धरूनच आखावा लागतो. शिवाय तो आखणारी बाई त्याच वस्तीतली असेल तरच तो टिकतो. पुढील सूचना अशा वस्तीत दहा-बारा जणींना सोबत घेऊन काम सुरू करू इच्छिणाऱ्या ताईसाठी आहेत.

सांगणारी बाई आपल्यातलीच असावी, या आग्रहाला अनुभवाचा आधार आहे. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेने १९९२ मध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचे काम सुरू केले, तेव्हा देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनीच आपल्या सोबतिणींना निरोध वाटण्याचे आणि समजावण्याचे काम हाती घेतले, आणि त्यातूनच पुढे ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. अमेरिकेतही कृष्णवर्णीय स्त्रियांनी हाच मार्ग धरला. तेथील आरोग्य कार्यकर्त्या बायली एव्हरी यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये अटलांटा येथील स्पेलमन कॉलेजात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्यावर राष्ट्रीय परिषद भरली आणि त्यानंतर गावोगावी स्वमदत गट निघाले. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘गर्लट्रेक’ने तर रोज अर्धा तास मिळून चालणे एवढ्या साध्या गोष्टीवर मोठी चळवळ उभी केली. ज्यांच्याकडे दवाखान्यात आणि कचेरीत नीट पाहिलेही जात नाही, अशा बायांना बाहेरून आलेल्या उपदेशापेक्षा शेजारणीचा शब्द अधिक खरा वाटतो, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

गट जमवताना नव्याने नावे गोळा करू नयेत. चालू असलेला बचत गट घ्यावा, कारण त्यात महिन्याची बैठक, हिशेबाची वही आणि एकमेकींवरचा विश्वास आधीच तयार असतो. पुढारपण एकीकडे न ठेवता दोघींकडे द्यावे: एक थोडी वयस्क, जिचे सासवा ऐकतील, आणि एक तरुण, जिला मोबाइल व वही सांभाळता येईल. आशाताईंना पहिल्याच दिवशी विश्वासात घ्यावे, मात्र सगळे काम त्यांच्या गळ्यात घालू नये. त्यांच्यामागे नोंदींचे, लसीकरणाचे आणि बाळंतपणांचे ओझे आधीच पुष्कळ असते. गावपातळीवरील आरोग्य व पोषण समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणे खर्च करता येणारा निधी, मिळू शकतो. वजनकाटा, मोजपट्टी किंवा रक्तदाब मोजण्याचे यंत्र त्यातून घेता येईल का, हे ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन विचारावे. तोंडी विचारलेले सहसा विसरले जाते.

वेळ ठरवताना बायांनाच बोलू द्यावे. पहाट सोयीची नसेल, तर रात्रीची भांडी झाल्यावरची वेळ चालते, आणि द्राक्षाच्या किंवा हळदीच्या हंगामात आठवड्याला दोनच दिवस जमत असेल, तर दोनच दिवस ठेवावेत. जागा म्हणून जिल्हा परिषद शाळेचे मैदान किंवा समाजमंदिराचा ओटा उत्तम, कारण तेथे उजेड असतो आणि येणे-जाणे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. हायवेची कड आणि कॅनॉलची एकाकी वाट टाळावी. कऱ्हाड, पाटण, शिराळा या पट्ट्यात उसाच्या रानात बिबट्याचा वावर असतो, म्हणून उसाला लागून असलेल्या रस्त्याने अंधारात चालू नये. गेलेच तर घोळक्याने, बॅटरी घेऊन आणि मोठ्याने गप्पा मारत जावे. पायात पट्ट्याची सँडल किंवा कॅनव्हासचे बूट असावेत. साडीच नेसायची असेल तर पदर खोचून आणि निऱ्या जरा वर घेऊन सगळे व्यायाम करता येतात. कपडे बदलायला लावून पहिल्याच आठवड्यात बायका घालवू नयेत.

आता सर्वांत मोठ्या आक्षेपाकडे यावे लागेल: “दिवसभर रानात राबतो, आणखी कसला व्यायाम?” हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये, कारण तो बराचसा खरा आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते आणि त्यात कामातील हालचालही धरली जाते. म्हणजे भांगलण करणारी बाई हा आकडा दोन दिवसांतच ओलांडते. तिला जास्त श्रमाची गरज नाही. तिला गरज आहे ती वाकून वाकून आखडलेली कंबर सोडवण्याची आणि जे स्नायू कामात कधी वापरले जात नाहीत त्यांना बळ देण्याची. उलट घरी शिलाई करणारी, दुकानात बसणारी किंवा पन्नाशीनंतर रानात जाणे सोडलेली बाई असेल, तर तिला रोजचे अर्धा तास झपाझप चालणे आवश्यक आहे. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे.

रानात जाणाऱ्या बायांसाठी पंधरा मिनिटांचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम उभे राहून दोन्ही तळहात कमरेवर मागे टेकवावेत आणि श्वास सोडत हळूहळू मागे झुकावे. दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीला हीच दिशा हवी असते. नंतर भिंतीपासून दोन पावले मागे उभे राहून, हात भिंतीला लावून कोपरे वाकवत छाती भिंतीकडे न्यावी आणि परत ढकलावे. तिसरा प्रकार ओट्यावर बसून हातांचा आधार न घेता उठण्याचा. गुडघे दुखणाऱ्या बाईने उंच ओटा निवडावा. शेवटी सतरंजीवर उताणे पडून, पाय दुमडून, कंबर उचलून धरावी. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, दम राखून, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस करावा. तीव्र कळ आली की थांबायचे, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा.

एका त्रासाबद्दल बाया चारचौघींत बोलत नाहीत. खोकताना वा ओझे उचलताना लघवी सुटणे आणि अंग बाहेर येणे या तक्रारी अनेक बाळंतपणांनंतर आढळतात. अशा बाईने उड्या मारू नयेत आणि जड ओझे टाळावे. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात, तेच स्नायू बसल्या जागी पाच-सहा सेकंद आवळून सोडण्याचा सराव तिला शिकवावा आणि तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे घेऊन जावे. रानात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणे ही याच्याजवळची दुसरी अडचण असून त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो. शेतमालकाकडे शेडनेटचा आडोसा मागणे हे गटाचेच काम समजावे.

आहाराच्या बाबतीत शहरी डाएट चार्ट सरळ बाजूला ठेवावा. पनीर, सॅलड आणि ऑलिव्ह तेलाची ती यादी वाचून बाईला आपले अन्न हलक्या प्रतीचे आहे असे वाटू लागते, आणि ते खरे नाही. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील बाजरी-ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, शेंगोळी, मटकीची उसळ, तांदूळजा, घोळ, शेवग्याचा पाला, तीळ आणि शेंगदाण्याची चटणी हा कसदार आहार आहे. जेथे रेशनच्या गहू-तांदळाने भाकरी मागे सारली आहे, तेथे निदान एका वेळेची भाकरी परत आणावी. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते, तर पॉलिश केलेल्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. ज्या घरांत मांसाहार चालतो, तेथे काळीज, रक्ती (शिजवलेले रक्त), वजडी (जनावराचे पोट-आतडी) आणि सुकट यांची लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही. काळीज आणि रक्तीतील लोह भाजीपाल्यातील लोहापेक्षा शरीरात चांगले शोषले जाते, आणि या पदार्थांना नाक मुरडणे हा आहारशास्त्राचा नव्हे, जातीचा संस्कार आहे. अपवाद एकच: काळजात अ जीवनसत्त्व फार असल्यामुळे गरोदर बाईने ते टाळावे.

खरी अडचण अन्नाच्या प्रकारापेक्षा वाटणीत आहे. पुरुष आणि मुले जेवल्यावर उरलेले कोरड्यास (भाकरीबरोबरची भाजी-आमटी) आणि शिळी भाकरी बाईच्या ताटात येते, आणि उसळीतले दाणे संपून नुसता रस्सा राहिलेला असतो. यावर व्याख्यान देऊन उपयोग नाही. एक छोटी युक्ती करावी. रानात नेण्याचे जेवण सकाळी सर्वांच्या आधी बांधायचे, आणि त्यात दोन भाकऱ्यांबरोबर वाटीभर घट्ट उसळ, मूठभर शेंगदाणे आणि लिंबाची फोड असायचीच, असा गटाचा ठराव करावा. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. तीन भाकऱ्यांतून साधारण २० ग्रॅम मिळतात. उरलेली प्रथिने डाळ, उसळ, शेंगदाणे आणि जमल्यास अंड्यातून भरून काढावी लागतात. गरोदर आणि स्तनदा मातांनी अंगणवाडीतून मिळणारा शिधा घरातल्या सर्वांत न वाटता स्वतः खावा, हेही याच ठरावात घालावे.

रक्तक्षयाचा प्रश्न मात्र स्वयंपाकघरात पुरता सुटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवे असते, आणि जे पोटात जाते तेही जेवणाबरोबरच्या चहामुळे नीट शोषले जात नाही. म्हणून जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवावे, जेवणात लिंबू किंवा आवळा घ्यावा आणि आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवावी. गूळ आणि बीट यांनी रक्त वाढते हा समज सर्वत्र आहे, पण चमचाभर गुळातून मिळणारे लोह किरकोळ असते आणि बिटाचा लाल रंग हा निव्वळ रंगच असतो. आरोग्य केंद्रातील लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास दूर ठेवावी, आणि मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. शौचाला काळे होणे हा गोळीचाच परिणाम आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पाळीत अंगावरून फार जात असेल तर नुसत्या गोळ्यांवर थांबू नये, त्याची तपासणी करावी.

मिश्रीबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. साताऱ्या-सांगलीकडे दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून अनेकदा मिश्री लावणाऱ्या बाया घरोघरी आहेत आणि तिला तंबाखू म्हणायची त्यांची तयारी नसते. ती भाजलेली तंबाखूच आहे. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तिच्याने वाढतो आणि गरोदरपणी वापरल्यास बाळाचे वजन कमी भरते. एकदम सोडणे जमत नसेल, तर आधी दुपारची वेळ बंद करावी, मग संध्याकाळची. तलफ आली की बडीशेप किंवा भाजलेला ओवा तोंडात टाकावा. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे दिसले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

काम सुरू करण्यापूर्वी आणि दर तीन महिन्यांनी मोजमाप घ्यावे: वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब आणि आरोग्य केंद्रातून हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली, म्हणजे रक्तक्षय. गरोदरपणी ७ च्या खाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली किंवा रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० वा त्याहून जास्त आला, तर डॉक्टरांकडे पाठवावे. तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेह, रक्तदाब आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत विनामूल्य होते. तेथे एकेकटीने न जाता पाच-सहा जणींनी मिळून जावे, म्हणजे ताटकळत बसणेही सुसह्य होते आणि कोणी डाफरत नाही.

गट चांगला चालू लागला की वजन कमी करण्याची पावडर आणि शेक विकणारे लोक हमखास येतात, आणि गटातल्याच एखादीला कमिशन देऊ करतात. त्यांना बैठकीत बोलू देऊ नये. रोजगारावर जगणाऱ्या बाईने महिन्याची मजुरी डब्यात घालावी असे त्या पावडरीत काहीही नसते.

मुलींना गटात ओढायचे असेल तर खेळ पुढे करावा. माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली, आणि साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये तिरंदाजीत जगज्जेती झाली. मुलीच्या धावण्याला नावे ठेवणाऱ्या चुलत्यांना ही नावे ऐकवता येतात.

नोंदवही पुढारपण करणाऱ्या दोघींपैकी एकीच्याच ताब्यात, कुलपात ठेवावी. कोणाचे हिमोग्लोबिन किती, कोणाला दिवस गेले आहेत, कोणाचे औषध चालू आहे, हे बैठकीत मोठ्याने वाचू नये आणि व्हॉट्सॲपच्या गटावर तर अजिबात टाकू नये. प्रत्येकीला तिचा आकडा बाजूला घेऊन सांगावा. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून आलेल्या टोळ्यांच्या कोपी (पाचटाच्या झोपड्या) गावाजवळ पडतात. त्या बायांचीही नावे त्याच वहीत, पण वेगळ्या पानावर लिहावीत आणि त्या परत निघण्यापूर्वी त्यांच्या तपासणीचा कागद त्यांच्या हाती द्यावा.