बारावीचे फिजिक्स: संक्रांतीपासून पेपरपर्यंत काय काय तयार हवे

संक्रांत झाली की महाराष्ट्र बोर्डाच्या फिजिक्सच्या पुस्तकातली १६ प्रकरणे एका फुलस्केप कागदावर उतरवून घ्या. प्रत्येकापुढे तीन रकाने आखा: सूत्रे, डेरिव्हेशन (सूत्र कसे आले ती मांडणी), आकृत्या. पुस्तक मिटून जे लिहिता आले त्यालाच बरोबरची खूण करायची. वाचताना नुसते ‘येतंय’ वाटले तर रकाना कोराच ठेवा. पुन्हा पुन्हा वाचल्याने ओळ ओळखीची होते, पण ओळखीची ओळ कोऱ्या कागदावर आठवेलच असे नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच प्रयोगातून दाखवले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, आणि आठवड्याने विचारले तेव्हा न बघता आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होते.

आता कार्डे. जुन्या वह्यांची कोरी पाने पत्त्याएवढी कापा. एका बाजूला नाव, मागे सूत्र, त्यातल्या प्रत्येक चिन्हाचा अर्थ आणि एकक. एका कार्डावर एकच गोष्ट, कारण चार सूत्रे एकत्र लिहिली की पहिले आठवले म्हणून बाकीचीही येतात असे वाटायला लागते. आज केलेले कार्ड उद्या, मग तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी काढायचे. चुकले ते पुन्हा पहिल्या दिवसाच्या गठ्ठ्यात.

कार्ड करण्याआधी मात्र बघा, हे खरेच पाठ करायला हवे का? मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे वस्तू फिरवणे किती जड जाते त्याचे माप; त्याच्या तक्त्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि तिथेच सगळ्यात कमी पाठांतर लागते. वस्तुमान अक्षापासून जितके लांब, तितका सूत्रात MR² च्या आधी येणारा आकडा मोठा. रिंगचे सगळे वस्तुमान काठावर, म्हणून पूर्ण १. पोकळ गोलाला २/३, डिस्कला १/२, भरीव गोलाला २/५. उतरता क्रम लक्षात राहिला की अदलाबदल होत नाही. दांड्याचे तर एकच पाठ करा: मधल्या अक्षाभोवती १/१२, इथे R च्या जागी लांबी L. अक्ष टोकाला नेला की तो अर्ध्या लांबीने सरकतो, त्याचा वर्ग १/४, आणि १/१२ अधिक १/४ म्हणजे १/३. हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्याही अशाच येतात. १३.६ ला १, ४, ९, १६ ने भागा: १३.६, ३.४, १.५१, ०.८५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पुढचे ऋण चिन्ह तेवढे विसरू नका, गुण तिथेच जातात.

सूत्रात घात विसरला तर एककांवर तपासा. टर्मिनल व्हेलॉसिटीत, म्हणजे द्रवातून पडणाऱ्या गोळीच्या शेवटी स्थिर होणाऱ्या वेगात, त्रिज्येचा वर्ग की घन? घन घेतला तर उत्तर मीटर-वर्ग प्रति सेकंद येते, आणि ते वेगाचे एकक नाही. म्हणजे वर्गच. पण सुरुवातीचे २/९ एककांवरून कधीच कळणार नाही, म्हणून कार्ड त्या २/९ साठी करा.

डेरिव्हेशन ओळीओळीने घोकले की मधली एक ओळ विसरताच पुढचे सगळे थांबते. त्याऐवजी चार थांबे लक्षात ठेवा: आकृती, कुठला नियम लावला, काय गृहीत धरले, शेवटचे समीकरण. मधले गणित हाताने करून येऊ द्या. अडलात तर पुस्तकातली तेवढीच ओळ बघा, पुस्तक मिटा आणि पहिल्यापासून लिहा. रोडच्या बँकिंगचे, म्हणजे वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवण्याचे, डेरिव्हेशन केले की चाळीसगावजवळचा कन्नड घाट डोळ्यासमोर आणा. शेवटच्या समीकरणात वस्तुमान उरत नाही, म्हणून दिलेल्या वेगाला मोटारसायकल आणि भरलेली एसटी यांना रस्त्याचा हा आडवा उतार तोच लागतो. असा अर्थ लागला की समीकरण डोक्यातून निसटत नाही.

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि आता पेपर इंग्रजीत, ही आपल्याकडे अनेकांची अडचण. संकल्पना घरच्या भाषेतच समजावून घ्या. धाकट्या भावाने ‘असं का बरं व्हस?’ विचारले आणि अहिराणीत सांगता आले, तर ती समजली. व्याख्या मात्र इंग्रजीत, पुस्तकातल्या शब्दांतच लिहून काढा. रात्री लाईट गेली तर अंधारातच त्या प्रकरणाची सूत्रे तोंडाने म्हणा, आणि लाईट आल्यावर कार्डाशी ताडून बघा. नंतर उन्हाने दुपार जड होते, तेव्हा नवे पाठांतर पहाटे आणि दुपारी फक्त उदाहरणे.

कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते, म्हणून घरीही टेबलच वापरा. ६.६३ गुणिले १० चा उणे ३४ वा घात, असा आकडा आख्खा लॉगमध्ये घातला की बारच्या चिन्हात (ऋण पूर्णांकावरच्या आडव्या रेघेत) चूक होते. दहाचे घात बाजूला काढा. समजा त्याला ३ ने गुणायचे आहे: ६.६३ चा लॉग ०.८२१५, ३ चा ०.४७७१, बेरीज १.२९८६, अँटिलॉग १९.८९. घात शेवटी जोडा.

शेवटच्या दोन आठवड्यांत घड्याळ लावून किमान तीन पेपर पूर्ण लिहा. ७० गुण आणि ३ तास, म्हणजे गुणामागे अडीच मिनिटे. तीन गुणांच्या प्रश्नाला साडेसातपेक्षा जास्त देऊ नका. बहुपर्यायी प्रश्नात पहिले लिहिलेले उत्तरच तपासतात, म्हणून खाडाखोड टाळा.

आदल्या रात्री नवे काही उघडू नका, चुकलेली कार्डे तेवढी बघा आणि झोपा. पिशवीत हॉल तिकीट, दोन पेने, टोक केलेली पेन्सिल, पट्टी, लॉग टेबल. टेबलाच्या पानांवर पेन्सिलने लिहिलेले एखादे सूत्र राहिले असेल, तर ते रात्रीच खोडून टाका.