जुन्या गावठाणातल्या जागेची मालकी मागे कशी शोधाल?

सुरुवात आजच्या प्रॉपर्टी कार्डापासून करा. त्यावर सिटी सर्व्हे नंबर असतो आणि खालच्या तक्त्यात दिनांक, व्यवहार, नवीन धारक अशा नोंदी असतात. तिथे 'खरेदीने' किंवा 'वारसाने' असं लिहिलेलं दिसेल. खरेदीची नोंद असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या दस्ताची नक्कल काढा.

नक्कल हातात आली की चतुःसीमेच्या, म्हणजे जागेच्या चारही बाजूंना काय आहे त्या वर्णनाच्या, आधीचा आणि नंतरचा मजकूर शांतपणे वाचा. 'सदर मिळकत आम्हांस अमुक साली, अमुक नंबरच्या खरेदीखताने मिळाली' असं एखादं वाक्य बहुधा सापडतं. तेच वाक्य तुम्हाला आधीच्या दस्तापर्यंत नेतं, आणि असं एकेक पाऊल मागे जाता येतं. घर नंबर नगरपालिकेने बदललेला असू शकतो, म्हणून चतुःसीमाही ताडून पाहा. पूर्वेला बोळ, दक्षिणेला विहीर, शेजाऱ्याचं आडनाव, या खुणा माझ्या मते नंबरापेक्षा जास्त विश्वासाच्या.

नोंदणी विभागाच्या ऑनलाइन शोधात मुंबईचे दस्त 1985 पासून, उरलेल्या महाराष्ट्राचे 2002 पासून मिळतात. त्याआधीचं हवं असेल तर कार्यालयात शोध फी भरून सूची क्रमांक 2 ची, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या मिळकतवार यादीची, जुनी पुस्तकं चाळावी लागतात.

दस्तांची ही साखळी तुटली तर घाबरू नका. वारसाने आलेल्या जागेला खरेदीखत नसतंच. तिथे फेरफार (मालकी बदलाची नोंद), मृत्यूपत्र, वाटणीपत्र पाहा आणि नगर भूमापन (सिटी सर्व्हे) कार्यालयात चौकशी नोंदवहीचा उतारा मागा. पहिल्या मोजणीच्या वेळी मालक कोण ठरला, ते त्यात असतं. कागद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या.