कामावरचा त्रास आपला एकट्याचा आहे का, हे कसं ओळखायचं

बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत संध्याकाळी कट्ट्यावर बसलं की एकच विषय, कुणाचा सुपरवायझर कसा खवीस आहे आणि कुणाचा ठेकेदार किती खातो. मी पण सात-आठ वर्षं तेच केलं. उद्यमबागेत एका मशीनशॉपला होतो, नाव नको, आणि मला वाटायचं माझं नशीबच फुटकं म्हणून असला साहेब मिळाला. मग बाहेरून बी.ए. करताना समाजशास्त्र घेतलं, सोपं असतंय म्हणून घेतलेलं, तोवर इकडं साहेब बदलला आणि त्रास मात्र तसाच राहिला, तेव्हा टाळकं जाग्यावर आलं. माणूस बदलून त्रास बदलत नसेल तर तो माणसाच्या स्वभावात नाही, दुसरीकडं कुठंतरी आहे. तो शोधायची माझी पद्धत सांगतो.

आधी एक चाळीस पानी वही घ्या. मोबाईल नको, बऱ्याच शॉपमध्ये आत नेऊ देत नाहीत. पंधरा दिवस रोज लिहायचं, खरं "साहेब वाईट आहे" असलं काही लिहायचं नाही. आत किती वाजता गेलो, बाहेर कधी पडलो, ओव्हरटाइम किती, हजेरी कुणाच्या रजिस्टरला लागली, पगार कुणाच्या खात्यावरून आला, बोलणी कशावरून खाल्ली. मी हे दोन महिने केलं तर दिसलं की साहेबाची ओरड महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच जास्त, कारण तेव्हा डिस्पॅच, म्हणजे माल बाहेर पाठवायची घाई. म्हणजे तो पण कुणाच्या तरी बोलण्या खाऊन आलेला असायचा!

मग मोजायचं, आपल्यासारखे किती. राइट मिल्स म्हणून अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होता, त्यानं १९५९ मध्ये हेच सांगितलं, गावात एकाच माणसाला काम नसेल तर त्या माणसाकडं बघा, हजारोंना नसेल तर व्यवस्थेकडं बघा. आमच्या घरचं उदाहरण देतो. बाबांचे साडी विणायचे दोन माग होते, भंगारात गेले तेव्हा आत्या म्हणाली की दादाला धंदा जमला नाही. खरं त्याच चार-पाच वर्षांत आमच्या ओळीतले बाकीचे माग पण गेले की. नोटबंदी २०१६, जीएसटी २०१७, लॉकडाऊन २०२०, वरनं सुरतेची स्वस्त साडी. सगळ्या गल्लीला एकाच वेळी धंदा कसा काय जमेनासा होतो? हा प्रश्न कुणी विचारला नाही, बाबांनी पण नाही, ते शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत बसले.

आणि माग चालू होते तेव्हा कांड्या भरायची आई, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून द्यायची. मजुरी साडीमागे, बाबांच्या हातात. आईचा हिशोब कुठल्याच वहीत नाही. तुमच्या कामाच्या आधी आणि नंतर फुकट कोण राबतंय हे पण वहीत लिहा, बाकी वही त्याशिवाय खोटी.

आता चष्मे, म्हणजे वहीतलं लिहिलेलं कसं बघायचं ते. परीक्षेला मार्क्स, दुरखाइम, वेबर हे समाजशास्त्रातले जुने विचारवंत पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात, खरं ते वापरायची वस्तू आहेत. दिवसभर तोच एक पार्ट चढवायचा, उतरवायचा, तो शेवटी कुठल्या गाडीत बसतो ते पण माहीत नाही आणि घरी आल्यावर कशातच मन लागत नाही, तिथं मार्क्सचा चष्मा, त्याला परात्मता म्हणतात, म्हणजे आपलंच काम आपल्याला परकं होणं. जुने नियम गेले आणि नवे बसले नाहीत अशी जागा असेल तर दुरखाइम. टिळकवाडीत पार्सल पोचवणारी पोरं बघा, मालक कोण ते माहीत नाही, भांडायचं कुणाशी, ॲपशी? (कर्नाटकात २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी, म्हणजे ॲपवरनं काम घेणाऱ्यांसाठी, कायदा झालाय, नोंदणी आणि कल्याण मंडळ आहे, त्या पोरांपर्यंत पोचवा.) माणसापेक्षा नियम आणि नोंद मोठी होते तिथं वेबर, म्हणजे हजेरीचं थम्ब मशीन आणि "माझ्या हातात काही नाही, सिस्टीममध्ये नाही" म्हणणाऱ्या एचआरसाठी.

पण आपल्याकडं एक चष्मा आधी लावायला पाहिजे, आंबेडकरांचा. १९३६ मध्ये लाहोरला द्यायच्या, खरं रद्द झालेल्या भाषणात त्यांनी लिहिलंय की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, जाऊन बघा, धुळीत फेटलिंगला (ओतलेला पार्ट घासून साफ करायला) कोण आणि एसीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) कोण, आडनावं लिहून काढा. मी काढली आणि वही बंद करून ठेवली थोडे दिवस, कारण माझं आडनाव कुठल्या बाजूला होतं ते मला दिसलं.

अजून एक, खडे बाजारात कापड दुकानातल्या पोरी. एका गिऱ्हाईकाशी मराठी, दुसऱ्याशी कन्नड, गोव्याचं आलं की कोकणी, आणि तिन्ही भाषांत हसायचं. अमेरिकेत आर्ली हॉकशील्ड या बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाईसुंदऱ्यांवर लिहिताना याला भावनिक श्रम म्हटलं, म्हणजे हसणं हे पण काम. आपल्या सीमाभागात त्यात भाषेचं काम जादा, पगारात त्याचा एक रुपया नाही.

शेवटी कागद. चष्म्यानं पोट भरत नाही. पीएफचं पासबुक उघडून बघा, कापलेले पैसे खरंच भरलेत का आणि मालकाच्या जागी नाव कुणाचं. महिना २१,००० पर्यंत पगार असेल आणि जागेला १० माणसं असतील तर ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागतं, कार्ड मागून घ्या. माझं काय झालं, मशीन तेच, माणूस तोच, खरं दर वर्षी ठेकेदार नवा, त्यामुळं ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मालकानं द्यायची रक्कम) सलग ५ वर्षं कागदावर कधी भरलीच नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, लागू झालेत, त्यात फिक्स टर्मवाल्यांना १ वर्षावर ग्रॅच्युइटी आहे, खरं फिक्स टर्म म्हणजे कंपनीशी थेट लेखी करार, ठेकेदाराकडचा माणूस त्यात आपोआप धरत नाहीत. सही करायच्या आधी वरती कुणाचं नाव छापलंय ते वाचा, आणि कागद कन्नडमध्ये असेल आणि येत नसेल तर लाज नको, शेजारच्या कन्नड दोस्ताला घेऊन बसा, त्याचा पण ठेकेदार तोच असतो बहुतेक.

लेबर ऑफिसला एकट्यानं जाऊ नका. मी एकटा गेलो, बाकावर बसवून ठेवलं. पुढच्या सोमवारी सहाजण गेलो, सगळ्यांच्या वह्यांत तारखा त्याच, तेव्हा आतनं खुर्च्या आल्या.