हॉल सेन्सर बसवताना या चुका टाळा

चुंबकीय क्षेत्र ओळखणारा हॉल सेन्सर काम करीत नाही म्हणून तो बदलला जातो, नवाही तसाच वागतो, आणि मग संशय वायरिंगवर जातो. बहुतेक वेळा दोष चुंबकाच्या निवडीत किंवा बसवणुकीत असतो.

एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवून दिले, की विद्युतप्रवाह वाहणाऱ्या पातळ पट्टीवर काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावल्यास पट्टीच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज निर्माण होते. त्यामुळे साधा तीन पायांचा सेन्सर त्याच्या पृष्ठाला लंब असलेले क्षेत्रच ओळखतो. चुंबक कितीही जोरदार असला, तरी क्षेत्र पृष्ठाला समांतर गेल्यास सेन्सर गप्पच राहतो.

सर्वांत फसवी चूक प्रकाराची आहे. ए३१४४ हा एकध्रुवी स्विच आणि यूएस१८८१ हा लॅच दिसायला सारखेच असतात. पहिला छापील बाजूसमोर दक्षिण ध्रुव आल्यावर चालू होतो आणि चुंबक दूर जाताच बंद होतो. लॅच मात्र उत्तर ध्रुव समोर येईपर्यंत चालूच राहतो. दाराची स्थिती ओळखण्यासाठी लॅच बसवला, की दार उघडले तरी ‘बंद’ असाच संकेत मिळतो. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी चुंबक हातात धरून उलटसुलट फिरवून पाहावा. पहिल्याचे आउटपुट ओपन कलेक्टर आणि दुसऱ्याचे ओपन ड्रेन असते, म्हणजे ते फक्त ग्राउंडला जोडले जाते, स्वतः व्होल्टेज देत नाही; त्यामुळे आउटपुट आणि पुरवठा यांच्यामध्ये सुमारे १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर लागतो, हेही अनेकदा विसरले जाते.

कोन मोजणाऱ्या एएस५६०० सारख्या चिपची गोष्ट वेगळी आहे. ती एका फेरीचे ४०९६ भाग करते, परंतु तिला व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेली चकती लागते. बाजारात सहज मिळणारी चकती जाडीच्या दिशेने चुंबकित असते. ती शाफ्टवर चिकटवल्यास शाफ्ट फिरला तरी क्षेत्राची दिशा बदलत नाही आणि मिळणाऱ्या आकड्याला अर्थ उरत नाही. चकती योग्य असूनही प्रत्येक फेरीत त्याच ठिकाणी तेवढीच चूक येत असेल, तर चकती केंद्रापासून सरकली आहे असे समजावे.

चुंबकाजवळ लोखंडी स्क्रू किंवा ब्रॅकेट असेल, तर क्षेत्र वाकते. तेथे पितळ किंवा ॲल्युमिनियम वापरावे. चुंबकापासून दूर क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, आणि गरम झाल्यावर चुंबकही मंदावतो. म्हणून सकाळी थंड यंत्रावर जेमतेम जुळवलेले अंतर दुपारी चुकते; ते यंत्र तापल्यावरच ठरवावे.