पेनांगच्या धक्क्यावर दुपारी उतरताना

मलेशियातल्या पेनांगला बहुतेक क्रूझ जहाजं थेट जॉर्ज टाऊनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागतात. गेटबाहेर पाच मिनिटांवर राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा घड्याळमनोरा आणि त्याच्या शेजारी कॉर्नवॉलिस किल्ला. गाव इतकं हाताशी आहे म्हणूनच फसगत होते. जेवण उरकून लोक दीड-दोनला पायी निघतात आणि तासाभरात डोकं धरून बसतात.

याचं अर्धं कारण घड्याळात आहे. मलेशियाची प्रमाणवेळ १२० अंश पूर्व रेखांशाची आणि पेनांग १०० अंशांच्या आसपास. त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तो एक ते दीडच्या दरम्यान. दुपारचे तीन वाजले तरी उन्हाच्या हिशेबाने जेमतेम पावणेदोन झालेले असतात. उरलेलं अर्धं कारण दमट हवा. घाम वाहतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हणून जहाजावर परतायची मुदत रात्रीची असेल तर साडेतीनच्या आत उतरू नका. सूर्यास्त सातच्या आसपास किंवा त्यानंतर होतो, उजेड भरपूर मिळतो.

उतरण्याआधी

पहिलं काम म्हणजे जहाजाची वेळ नक्की विचारणं. परतीची मुदत जहाजाच्या घड्याळाने मोजतात, फोन मात्र आपोआप स्थानिक वेळ दाखवतो. फुकेतहून आलेलं जहाज थायलंडचीच वेळ पाळत असेल, तर फोन एक तास पुढे दिसेल आणि तुमचा एक तास फुकट जाईल. उलट मलेशियाची वेळ ठेवून जहाज फुकेतला गेलं, तर फोन एक तास मागे राहील आणि जहाज निघून जाईल. मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेला लावा.

फोन धक्क्यावर पोहोचेपर्यंत विमान मोडवर असू द्या, नाहीतर तो जहाजाच्या महागड्या सागरी नेटवर्कला जोडला जातो. जहाजाच्या दैनिक पत्रकावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. उशीर झाला तर त्या नंबरचाच आधार. बाकी सामान थोडकंच: जहाजाचं कार्ड, ओळखपत्र, थोडे रिंगिट म्हणजे मलेशियाचं चलन, माणशी एक लिटर पाणी, जलसंजीवनीची दोन पाकिटं, छत्री, आणि देवळात घालायला जाड मोजे, कारण उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही. जहाजावरची फळं किंवा जेवण मात्र बाहेर नेऊ नका.

कॅमेरा एसीतून थेट बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते. तो बंद पिशवीत ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेला रुळू द्या. पुसत बसून उपयोग नाही, पुन्हा धरते.

जाताना गाडी, येताना पाय

सगळे उलटं करतात: उन्हात चालत जातात आणि थकून गाडीने परततात. तुम्ही गेटबाहेरून ग्रॅब (ॲपवरून बोलावायची गाडी) किंवा टॅक्सी करून थेट खू कोंगसीला जा. खू घराण्याचं हे कुलमंदिर संध्याकाळी पाचला बंद होतं, म्हणून ते आधी. तिथून आर्मेनियन स्ट्रीट दोन-चार मिनिटांवर. २०१२ साली भिंतीवर रंगवलेली सायकलवरची मुलं तिथेच आहेत, पण फोटोसाठी रांगेत उभं राहायचं तर छत्री उघडा.

मग कपितान केलिंग मशिदीवरून उत्तरेकडे, धक्क्याच्या दिशेने चालू लागा. मशिदीत जायचं तर हातपाय झाकलेले हवेत. जुन्या दुकानांपुढे कमानींची ओसरी असते, तिला काकी लीमा म्हणतात, म्हणजे पाच फूट. ही ओसरी म्हणजे उन्हापावसातला खरा रस्ता. चारनंतर उत्तर-दक्षिण रस्त्यांवर पश्चिमेच्या बाजूने चाला, इमारतींची सावली तिकडेच पडते. मध्येच मोटारसायकली आणि माल आडवा येतो, रस्त्यावर उतरताना मागे बघा. पावसाची सर आली की ओसरीच्या गुळगुळीत फरशांवरून पाय घसरतो.

क्वीन स्ट्रीटवरचं १८३३ सालचं श्री महामारिअम्मन मंदिर दुपारी बंद असतं, त्यामुळे ते शेवटी ठेवलेलं बरं. ते लिटल इंडियातच आहे, खाणंपिणं तिथेच उरका. पेनांग हिल ८३३ मीटर उंच आणि थंडगार, पण वर नेणाऱ्या फ्युनिक्युलर रेल्वेच्या रांगेत दुपार संपते. पहिल्या दिवशी तो नाद सोडा.

पाणी तहानेची वाट न बघता दर वीस मिनिटांनी कपभर प्या. पायात गोळे, मळमळ किंवा चक्कर आली तर एसी असलेल्या दुकानात बसा आणि जलसंजीवनी घोट-घोट घ्या. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला तर तो उष्माघात समजा. ९९९ ला फोन करा आणि मदत येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

धक्क्यावर मुदतीच्या तासभर आधी पोहोचा. शेवटच्या अर्ध्या तासात सगळं जहाज एकाच स्कॅनरपुढे रांगेत उभं असतं.