स्टेटसला तिरंगा लावलात, आता पुढचं बघू

१५ जानेवारी, २६ जुलै आणि १६ डिसेंबर, म्हणजे सेना दिन, कारगिल विजय दिवस आणि ७१ चा विजय दिवस, या तीन तारखांना माझं व्हॉट्सॲप सकाळी सातच्या आत भरून जातं. तोच तो पाठमोरा जवान, मागे मावळता सूर्य आणि खाली कुठल्यातरी इच्छुक उमेदवाराचे जोडलेले हात. त्यात वाईट काही नाही, मीपण टाकायचो. पण आम्ही साताऱ्याकडचे, आमच्या आळीतच मिलिट्रीतली पाच घरं, आणि त्या घरांत बसून चहा प्यायलं की कळतं की असल्या फोटोंनी त्यांना ना बरं वाटतं ना वाईट, ते बघतसुद्धा नाहीत. मग सोशल मीडियावर नेमकं काय करावं, तर माझ्या चुकांतून जे शिकलो ते सांगतो.

आधी चूकच सांगतो. मावसभाऊ सुट्टी संपवून निघाला होता, मी त्याला सोडायला सातारा स्टेशनला गेलो, आणि भावना दाटून आल्यामुळे एक फोटो काढला, तो पाठमोरा, बाजूला त्याची काळी पत्र्याची ट्रंक, आणि खाली लिहिलं 'भाऊ निघाला सीमेवर'. तासाभरात शंभर हार्ट. पुण्याच्या अलीकडे गाडी असताना त्याचा फोन, आवाज अगदी शांत, "स्टोरी उघड आणि ट्रंक वाच." उघडली. ट्रंकेवर पांढऱ्या ऑइलपेंटने त्याचा नंबर, रँक, नाव, पलटण, सगळं ठसठशीत, मागच्या बोर्डावर गाडीचं नाव आणि वेळ. म्हणाला, "आता सांग, शत्रूला अजून काय पाहिजे, माझं जेवण काय ते?"

तर घरातला किंवा ओळखीतला कुणी नोकरीवर असेल तर पलटणीचं नाव, पोस्टिंगचं गाव, निघायची तारीख, गाडी, यातलं काही दिसता कामा नये. फोटो झूम करून कोपरे बघा, लोकेशन बंद करा, त्याला टॅग करू नका, कारण तुमच्या टॅगवरून अनोळखी माणूस त्याच्या बायकोच्या प्रोफाइलपर्यंत पोचतो, आणि गोड बोलणाऱ्या खोट्या प्रोफाइलच्या जाळ्यात जवान अडकल्याच्या बातम्या आपण वाचतोच की. २०२० मध्ये सैन्याने जवानांना ८९ ॲप मोबाईलमधून काढायला लावली होती, त्यात फेसबुक आणि इन्स्टासुद्धा होतं, आणि आपण मात्र बाहेरून त्यांचीच माहिती टाकत बसतो! हायवेवरून सैन्याच्या गाड्या जाताना दिसल्या की सॅल्यूट मारा, हात हलवा, फक्त मोबाईल खिशात ठेवा. २६/११ ला टीव्हीवरचं लाइव्ह बघून पलीकडचे लोक अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये सरकारने चॅनेलवाल्यांना आणि सोशल मीडियावाल्यांना पुन्हा बजावलं की सैन्याच्या हालचाली लाइव्ह दाखवू नका, त्यात हाच दाखला दिला होता.

दुसरं, श्रद्धांजलीची घाई. हे लिहायला मला लाज वाटते पण लिहितो. गावच्या ग्रुपवर एका पोराच्या नावाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' आलं, मी पुढे ढकललं, पाचवा-सहावा असेन. पोरगा जखमी होता, लष्कराच्या हॉस्पिटलात होता, जिवंत होता. आणि त्याच्या आईला ते शेजारणीच्या मोबाईलवर दिसलं. मी डिलीट केलं पण तोवर ते कुठल्या कुठे गेलं होतं. सैन्यातून आधी घरी कळवतात आणि मग नाव जाहीर होतं, तोपर्यंत तुमच्याकडे कितीही पक्की खबर असो, गप्प बसायचं. आणि अंत्यविधीचे ते व्हिडिओ, पेटीवर डोकं ठेवून रडणारी बायको, त्यावर स्लो मोशन आणि गाणं, ते शेअर करू नका बुवा. घरच्यांना विचारा कुठला फोटो आवडेल, बहुतेक वेळा ते लग्नातला नाहीतर बैलपोळ्याचा हसरा फोटो देतात, तो टाका.

लिहिताना शब्द नीट वापरा, कारण ज्यांच्यासाठी लिहिताय त्यांना फरक कळतो. पुलवाम्यात २०१९ ला ४० जवान गेले, त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघं, ते सीआरपीएफचे होते, आणि अर्ध्या पोस्टींमध्ये 'भारतीय लष्कराचे जवान' लिहिलेलं. सीआरपीएफ, बीएसएफ ही निमलष्करी दलं, ती गृहखात्याखाली येतात. तुम्ही म्हणाल काय फरक पडतो, तर पेन्शनमध्ये पडतो. सैन्याला जुनी पेन्शन राहिली आणि या दलांत २००४ पासून भरती झालेल्यांना नवी लागली, आणि त्यांचा त्यावरून केवढा जुना झगडा आहे. शहीद की हुतात्मा यावर कमेंटमध्ये मारामाऱ्या होतात, सरकारदरबारी 'शहीद' असा अधिकृत शब्दच नाही, मी सरळ 'वीरमरण आलं' लिहितो.

फोटो टाकण्याआधी उलटा शोध घ्या, म्हणजे तो फोटो मुळात कुठला आहे ते बघा, गुगल लेन्सला एक मिनिट लागतं. बर्फात गोठून झोपलेले रशियन सैनिक आपल्याकडे 'सियाचीनचे जवान' म्हणून वर्षानुवर्षं फिरतायत, मोठमोठ्या लोकांनी टाकले होते. मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूरच्या वेळी चक्क व्हिडिओ गेममधली दृश्यं लढाई म्हणून फिरली. आता एआयने बनवलेले म्हातारे फौजी आलेत, 'माझा आज वाढदिवस, कुणी शुभेच्छा देणार नाही का', खाली चाळीस हजार 'जय हिंद'. छातीवरची पदकं आणि नेमप्लेटवरची अक्षरं बघा, वाचताच येत नाहीत.

पैशाचं आवाहन करायचं असेल तर फॉरवर्डमधला अकाउंट नंबर किंवा क्यूआर कधीच पुढे ढकलू नका. 'रोज एक रुपया सैन्यासाठी' वाला मेसेज, त्यात एका मोठ्या नटाचं नाव आणि बँकेचा खाते नंबर, २०१६ पासून फिरतोय, एप्रिल २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाला सांगावं लागलं की तो दिशाभूल करणारा आहे. त्यापेक्षा निधीची नावं सांगा आणि लोकांना स्वतः साइट शोधू द्या, पत्त्याच्या शेवटी सरकारी जीओव्ही डॉट इन आहे ना एवढं बघायला सांगा. निमलष्करी दलांसाठी 'भारत के वीर', तिथे थेट त्या जवानाच्या घरच्यांच्या खात्यात देता येतं आणि १५ लाखांची मर्यादा ठेवलीय, म्हणजे एकाच गाजलेल्या नावावर सगळे पैसे जात नाहीत. तिन्ही दलांसाठी ध्वजदिन निधी, ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून चालू आहे. तो छोटा कागदी झेंडा शाळेत छातीला टाचायचो तोच, पैसे कुठे जातात ते कुणी सांगितलं नव्हतं. माजी सैनिक, त्यांच्या विधवा आणि मुलं यांच्यासाठी जातात, आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देता येतात. ७ तारखेला हेच लिहा, त्या सूर्यास्तापेक्षा बरं.

आता माजी सैनिक, आणि इथे खरं काम आहे, कारण नोकरीवरच्या माणसाबद्दल जेवढं कमी लिहाल तेवढं चांगलं पण रिटायर झालेल्यांबद्दल लिहायला कुणीच बसत नाही. सगळ्यात उपयोगी पोस्ट कुठली असते माहितीये? कंटाळवाणी. पेन्शन आता 'स्पर्श' पोर्टलवरून येते, वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, पण सत्तरीतल्या माणसाला ते कोण सांगणार? गावच्या ग्रुपवर लिहा, 'रविवारी दहा वाजता देवळात बसतोय, आधार आणि पेन्शनची कागदं घेऊन या'. महाराष्ट्रात माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना घरपट्टी माफीची योजना २०२० पासून आहे, आमच्या आळीतल्या दोन काकूंना ती माझ्या स्टेटसवरून कळली. त्या स्टेटसला तिरंगा नव्हता, नुसतं पांढऱ्यावर काळं.

आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. आमचे तात्या श्रीलंकेत होते, भारताने तिकडे पाठवलेल्या शांतिसेनेत, १९८७ ते ९० चा तो काळ, अकराशेहून जास्त जवानांना तिथे वीरमरण आलं आणि आपल्याकडे त्याचं स्टेटस कधी कुणाचं बघितलंय? मी विचारलं व्हिडिओ करू का, तर म्हणाले कशाला, कोण बघणारे. मग एका संध्याकाळी गोठ्यासमोर बाजेवर बसवलं, मोबाईल बादलीवर उभा केला आणि लढाईचं काहीच विचारलं नाही, विचारलं की तिकडे जेवायला काय मिळायचं. सुटलेच ते. नारळ, पाऊस, पायातल्या बुटांना आलेली बुरशी, घरचं पत्र दीड महिन्याने आलं आणि त्यात म्हैस व्यायल्याची बातमी होती ती. चाळीस मिनिटं. मी तीन-तीन मिनिटांचे तुकडे केले, खाली सबटायटल टाकली कारण त्यांचे दात नाहीत, आणि टाकायच्या आधी सगळं त्यांना दाखवलं, दोन ठिकाणी म्हणाले हे काढ, काढलं, का ते विचारलं नाही.

कमेंट आल्या की वाचून दाखवा, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. भांडकुदळ कमेंट आधीच उडवा, तात्यांच्या व्हिडिओखाली दोघं राजकारणावर घसरलेच होते. मी बाजेवर बसून वाचत होतो, जय हिंद, जय हिंद, सॅल्यूट तात्या, ते नुसते हं हं करत होते, मग एक कमेंट आली नांदेडकडच्या बाईची, माझे वडील पण तिथे होते, त्यांनी घरी कधीच काही सांगितलं नाही, त्या बुरशीबद्दल अजून सांगाल का. तात्यांनी चष्मा मागितला, मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "विचार तिला, कुठल्या पलटणीत होते," आणि मग स्वतःच म्हणाले, "इथे नको, इनबॉक्समध्ये विचार."